हिंदीने अर्धेच पाहिलेले राघवेंद्र राव

'हिम्मतवाला' (१९८३) म्हटलं की आपल्याकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या प्रेक्षकाला जितेंद्र-श्रीदेवी आठवतात, बप्पी लाहिरींचा ठेका आठवतो, कादर खानचे संवाद आठवतात. दिग्दर्शकाचं नाव विचारलं तर बहुतेक जण अडतात. ते नाव कोवेलमूडी राघवेंद्र राव. तेलुगू प्रेक्षक त्यांना 'दर्शकेंद्रुडु', म्हणजे दिग्दर्शकांचा इंद्र, म्हणतो. पडद्यावर त्यांचं नाव 'के. राघवेंद्र राव बी.ए.' असं पदवीसकट झळकतं, आणि २००३ सालच्या 'गंगोत्री'ने त्यांच्या चित्रपटांची शंभरी भरली. एवढं काम केलेल्या माणसाला हिंदीने फक्त मडकी, फुलं आणि नाचाच्या कवायतीपुरतं लक्षात ठेवलं. हा त्यांच्यावर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्यांचा जन्म २३ मे १९४२चा. वडील के. एस. प्रकाश राव स्वतः नावाजलेले दिग्दर्शक. त्यांनी १९७१ साली तेलुगूत 'प्रेमनगर' केला आणि १९७४ साली राजेश खन्ना-हेमामालिनीला घेऊन तो हिंदीतही आणला. म्हणजे तेलुगूतली गोष्ट हिंदीत नेण्याची वाट घरातलीच. मुलाने १९७५ साली 'बाबू'पासून सुरुवात केली, पुढच्याच वर्षी जयसुधाला घेऊन 'ज्योती' केला आणि १९७७च्या 'अडवी रामुडू'ने एन. टी. रामारावांच्या कारकिर्दीला नवा जोम दिला. मुदुमलईच्या जंगलातलं चित्रीकरण, के. व्ही. महादेवन यांचं संगीत, वेटूरी सुंदरराममूर्तींची गाणी. यातलं वेटूरींचं नाव ध्यानात ठेवायला हवं.

कारण राघवेंद्र राव गाण्यातून विचार करतात. बाकीच्यांच्या चित्रपटात गोष्ट पुढे सरकता सरकता गाणं येतं. यांच्याकडे दोन गाण्यांमधलं अंतर भरायला गोष्ट येते. 'देवता' (१९८२) मधलं गोदावरीचं गाणं पाहा. नदीकाठच्या वाळूत पितळी कळशांच्या रांगाच रांगा मांडल्या आहेत आणि त्यांच्यामधून शोभन बाबू-श्रीदेवी नाचत जातात. उन्हात पितळ झळकतं, कॅमेरा कळशांच्या उंचीवर उतरतो, आणि वेटूरींच्या शब्दांतला गोदावरीचा पूर त्या पिवळ्या झळाळीत मिसळतो. संगीतकार चक्रवर्तींची चाल साधी, लोकगीताच्या वळणाची. हे गाणं तेलुगू माणसाच्या मनात इतकं रुतलं की २०१९ साली 'गद्दलकोंडा गणेश'मध्ये ते कळशांसकट पुन्हा सादर झालं.

याच 'देवता'चा हिंदी अवतार म्हणजे 'तोहफा' (१९८४). 'हिम्मतवाला'ही त्यांच्याच 'ऊरुकी मोनगाडू' (१९८१) वरून केलेला. १९८३ या एकाच वर्षी 'हिम्मतवाला', 'जानी दोस्त' आणि 'जस्टिस चौधरी' पडद्यावर आले. पैसा दक्षिणेतल्या निर्मात्यांचा, तंत्रज्ञ बहुतेक तिकडचेच, नायक मात्र गिरगावच्या चाळीत वाढलेला जितेंद्र. या चित्रपटांनी भरपूर धंदा केला. 'सोलवा सावन' (१९७९) पडल्यावर हिंदीत जिला कुणी विचारत नव्हतं, ती श्रीदेवी 'हिम्मतवाला'ने आघाडीवर आली. तेव्हा तिचे हिंदी संवादही दुसऱ्या स्त्रीच्या आवाजात ऐकू येत. डोळे आणि पावलं तेवढी तिची. तेलुगूत 'पदहारेळ्ळ वयसु' (१९७८) पासून राघवेंद्र रावांनी तिला जवळून पाहिलं होतं. त्यांचा तिच्यावरचा विश्वास खरा ठरला.

पण तेलुगूतली चौकट हिंदीत आली, तिच्यातली कविता तिकडेच राहिली. रंगीत मडकी आली, रांगेतले नर्तक आले. गोदावरी आली नाही. 'सरस्वतीचंद्र'ची सुंदर गाणी लिहिणाऱ्या इंदीवरांना इथे ठेक्यात शब्द बसवावे लागले. त्यामुळे हिंदीत उरला तो नुसता साज.

एक आक्षेप मात्र तेलुगूतही तितकाच खरा आहे. नायिकेच्या उघड्या पोटावर फुलं-फळं टाकण्याची त्यांची खोड पुढे शैली म्हणून मिरवली गेली. त्यांच्याच 'झुम्मंदि नादम' (२०१०) मधून पुढे आलेल्या तापसी पन्नूने एका कार्यक्रमात आपल्या अंगावर टाकलेल्या नारळाचा विषय काढला, तेव्हा केवढा गहजब झाला. तिचं म्हणणं मला रास्त वाटतं. ज्या दिग्दर्शकाने 'जगदेक वीरुडु अतिलोक सुंदरी' (१९९०) मध्ये स्वर्गातून उतरलेल्या अप्सरेचं कुतूहल, रुसवा, धिटाई श्रीदेवीकडून इतक्या नजाकतीने काढून घेतली, त्याला या क्लृप्त्यांची गरज नव्हती.

मग १९९७ साली 'अन्नमय्या' आला. पंधराव्या शतकात तिरुपतीच्या वेंकटेश्वरावर हजारो पदं रचणाऱ्या अन्नमाचार्यांची ही कथा. आपण 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'वर वाढलेली माणसं. संतपट म्हटला की देहूची धूळ आणि विष्णुपंत पागनीसांचा साधेपणा डोळ्यांपुढे येतो. इथे सगळा थाट आहे. तरुण अन्नमय्या शृंगारात बुडालेला, दोघी मामेबहिणींबरोबरची गाणी थेट राघवेंद्र रावांच्या जुन्या वळणाची. तोच रंग, तीच फुलं हळूहळू देवाच्या पूजेत जाऊन बसतात. शृंगाराकडून भक्तीकडे जाण्याची ही वाट अन्नमाचार्यांच्या पदांतही आहे. म्हणून 'हिम्मतवाला'च्या दिग्दर्शकाला हा विषय पेलला. संगीतकार कीरवाणींना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अन्नमय्या साकारणाऱ्या नागार्जुनच्या अभिनयाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. पुढे 'श्री रामदासु' (२००६) आला. मग राव आपल्या अंगणातही आले: पंढरपूरच्या पुंडलिकावरचा 'पांडुरंगडु' (२००८) आणि नागार्जुनला साईबाबांच्या वेषात आणणारा 'शिरडी साई' (२०१२). 'अन्नमय्या'ची उंची या दोन्हींना गाठता आली नाही.

नवी माणसं घडवण्यात त्यांचा हात मोठा. व्यंकटेश, महेश बाबू, अल्लू अर्जुन हे तिघेही नायक म्हणून पहिल्यांदा त्यांच्याच चित्रपटांत उभे राहिले. एस. एस. राजामौलींनी 'शांतिनिवासम' ही मालिका त्यांच्या हाताखाली केली, आणि 'स्टुडंट नंबर १' (२००१) या पहिल्या चित्रपटालाही त्यांचंच मार्गदर्शन होतं. राजामौलींच्याच 'बाहुबली'च्या नामावलीत प्रस्तुतकर्ता म्हणून राघवेंद्र रावांचं नाव आहे.

२०१३ साली 'हिम्मतवाला' हिंदीत पुन्हा केला गेला आणि सपशेल आपटला. त्यावरून मूळ दिग्दर्शकाची किंमत ठरवू नका. तेलुगू येत नसलं तरी उपशीर्षकं लावून 'अन्नमय्या' एकदा पाहा.