फ्यूज कोणाला वाचवतो?



विटा हे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. यंत्रमागांचे गाव म्हणून ते ओळखले जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे एक दुःखद घटना घडली. खाली दुकान आणि वर राहते घर, अशा एका इमारतीला आग लागली आणि एकाच घरातली चार माणसे दगावली. शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी, असा अंदाज त्या वेळी बातम्यांत आला. अशी बातमी वाचली की आपण हळहळतो आणि मनाची समजूत घालतो, "आपल्या घरी फ्यूज आहे, काळजी नाही." पण फ्यूज नेमके कोणाला वाचवतो? चला, पाहू.

तारेतून वीज वाहू लागली की तार तापते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते आणि तिप्पट केला तर नऊपट! आता एक हिशेब करा. उपकरणावर लिहिलेल्या वॉटना २३० व्होल्टने भागले की प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. १००० वॉटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते आणि १५०० वॉटची पाणी तापवायची कांडी सुमारे ६.५ अँपिअर. ही दोन्ही ६ अँपिअरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली तर प्रवाह जवळजवळ ११ अँपिअर होईल आणि तार नेहमीच्या तिपटीहून जास्त तापेल. तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळायला असे किती दिवस लागणार?

अशा वेळी फ्यूज कामाला येतो. त्यातली बारीक तार मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. प्रवाह वाढला की ती आधी वितळते आणि भिंतीतली तार वाचते. हल्ली तेच काम एमसीबीचा खटका करतो. पण "फ्यूज सारखा उडतो" म्हणून कुणी जाड तार बांधली, तर मग वितळण्याची पाळी भिंतीतल्या तारेची!

मात्र एक आग अशी आहे, जी फ्यूजला कळतच नाही. प्लग सैल बसला असेल तर पिन आणि सॉकेट जेमतेम टेकतात. त्या जागी रोध वाढतो, ठिणग्या उडतात आणि प्लग तापतो. प्रवाह मात्र वाढलेला नसतो. मग फ्यूज कशाला वितळेल? गरम लागणारा प्लग, सॉकेटवरचा काळा डाग, जळका वास, एवढ्याच त्याच्या खुणा. माग चालतात तिथे हवेतले कापसाचे तंतू बोर्डावर साचतात. त्यांना एक ठिणगी पुरते.

आता विजेच्या धक्क्याचे पाहू. शरीरातून एक मिलिअँपिअर प्रवाह गेला तर झिणझिण्या येतात. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि हातातली तार सोडवत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला तर जिवावर बेतू शकते. फ्यूज ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा. दोनशे पटींचा फरक! माणूस दगावला तरी फ्यूज जागचा हलत नाही. तो तारेचा रखवालदार आहे, तुमचा नाही.

तुमच्यासाठी आहे प्लगची तिसरी, जाड आणि लांब पिन. तिची तार उपकरणाची धातूची पेटी जमिनीला जोडते. आत तार सुटून पेटीला लागली, तर प्रवाह या सोप्या वाटेने जमिनीत जातो. तो खूप मोठा असला तर फ्यूजही उडतो.

मात्र इथे जमिनीचीही परीक्षा असते. खानापूर तालुका कमी पावसाचा. कोरडी माती विजेची वाईट वाहक. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून उन्हाळ्यात पाणी ओतण्याची पद्धत आहे. समजा, अर्थिंगचा रोध १०० ओहम झाला. मग २३० भागिले १००, म्हणजे फक्त २.३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. ६ अँपिअरचा फ्यूज उडणार नाही आणि फ्रिजची पेटी तशीच 'जिवंत' राहील!

यावर उपाय म्हणजे आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा तो सतत हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की क्षणार्धात वीज तोडतो. मात्र दोन हातांनी दोन तारा धरल्या तर तूट दिसत नाही आणि तो फसतो. म्हणून सावधगिरी हवीच.

आज घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन ही पाहणी करा:

१. तिसरी पिन तोडलेले प्लग आहेत का? मोडकी सॉकेटे आहेत का? यादी करा. दुरुस्ती वायरमनच करील.

२. एकेका बोर्डावरच्या उपकरणांचे वॉट मिळवा आणि वरचा हिशेब मांडा.

३. आरसीसीबी असेल तर त्यावरचे चाचणीचे बटण मोठ्या माणसांना दाबायला सांगा. खटका पडला पाहिजे.

४. टीव्ही किंवा इन्व्हर्टर उघडू नका. बंद केल्यावरही त्यातल्या धारित्रांत विद्युतभार उरतो. चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीखाली ठेवू नका.

५. जिना आणि दार यांच्या वाटेत सामान रचले असेल तर हलवा.

कुणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य स्विच बंद करा आणि १०८ ला फोन करा. विजेच्या आगीवर पाणी ओतू नका. धूर दिसताच वाकून बाहेर पडा आणि मग १०१ ला कळवा. वस्तू आणायला कुणी परत आत जायचे नाही, हे घरातल्या सर्वांना आजच सांगून ठेवा.