गाण्याची पट्टी बदलणारें यंत्र

समूहगीत बसवितांना एक अडचण नेहमीं येते. मुलींचा गळा काळी पांचवर मोकळा लागतो; पण ज्यांचा आवाज फुटूं लागला आहे, अशा मुलांस ती पट्टी झेपत नाहीं व ते गप्प राहतात. गातांगातांच आवाजाची पट्टी बदलून देणारें यंत्र आतां निघालें आहे. मात्र त्याचें काम किती अवघड आहे, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

सूर म्हणजे हवेचीं कंपनें. पेटीवर लगतच्या पट्टीपर्यंत सूर चढविण्यास कंपनें सुमारें ६ टक्के वाढवावीं लागतात. ग्रामोफोनची तबकडी तितकी जलद फिरविली तर सूर चढतो खरा, पण गाणेंही लवकर संपतें. निसर्गाचा नियमही हाच आहे. लासलगांव स्थानकावरून ताशीं ९० किलोमीटर वेगानें, न थांबतां जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकावी. गाडी पुढें जातांच शिटीचा सूर सुमारें अडीच पट्ट्या उतरतो. याचें कारण डॉप्लर यानें १८४२ सालीं सांगितलें. आणि जवळ येणाऱ्या गाडीची १० सेकंदांची शिटी आपणांस सुमारें ९.३ सेकंदच ऐकूं येते! सूर व काल असे एकमेकांस बांधलेले आहेत.

ही गांठ सोडविण्यासाठीं यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करून ते जलद वाजवितें, आणि उरलेला काळ भरण्यास कांहीं तुकडे पुन्हां जोडतें. सांधा नीट न जुळल्यास खरखर होते. ‘ट’सारखा आघात दोनदां उमटतो. शिवाय सुराबरोबर मुखाच्या पोकळीचा घुमाराही चढला, तर माणसाचा आवाज बाहुलीसारखा वाटतो; म्हणून घुमारा वेगळा जपावा लागतो.

सर्वांत बिकट अडचण विलंबाची. सेकंदास १०० कंपनांचा खर्जातील सूर ओळखण्यास दोन-तीन कंपनें तरी ऐकावीं लागतात. त्यांत सेकंदाचा ३०वा ते ५०वा भाग जातो. तुकडे मोठे घेतल्यास सांधे सुधारतात, पण उशीर वाढतो. स्वतःचाच आवाज एकपंचमांश सेकंद उशिरां कानीं पडला, तर बोलणाराही अडखळतो.

गणित कितीही जलद झालें तरी न ऐकलेला सूर बदलतां येत नाहीं. म्हणून गीत बसवितांना प्रथम सर्वांच्या गळ्यांस मानवेल अशी पट्टी निवडावी. आवाज फुटलेल्या मुलास खालच्या सप्तकांत गाऊं द्यावें. त्यास गप्प बसवूं नये.