डोरोथी गॅरड : उत्खनन, कालविभाजन आणि नामकरण

डोरोथी गॅरड (१८९२–१९६८) यांचे नाव बहुधा एकाच कारणासाठी घेतले जाते : ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांच्या इतिहासात अध्यासनावर नियुक्त झालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९३९ साली केंब्रिजने त्यांना पुरातत्त्वाचे डिझ्नी प्राध्यापकपद दिले, तेव्हा स्त्रियांना त्या विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व नव्हते. ते १९४८ मध्ये मिळाले. तोवर विद्यापीठाच्या कारभारात या प्राध्यापिकेला मताचा अधिकार नव्हता. ही विसंगती बोलकी आहेच. तथापि ‘पहिली स्त्री’ या बिरुदाखाली त्यांचा पद्धतिविचार झाकला जातो, आणि तौलनिक अभ्यासाला मोलाचा आहे तो हाच विचार.

पहिल्या महायुद्धात व त्यानंतर लगेच तिन्ही भाऊ गमावल्यावर गॅरड पुरातत्त्वाकडे वळल्या. पॅरिस येथे आबे आंरी ब्रय यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी पुराश्मयुगाचे कालविभाजन म्हणजे फ्रान्सचे कालविभाजन होते. मूस्तिए, ऑरिन्याक, सोल्युत्रे या फ्रेंच स्थळांच्या नावांनी ओळखले जाणारे टप्पे साऱ्या मानवजातीचे टप्पे मानले जात. इतरत्र एखादा टप्पा आढळला नाही, तर ती त्या प्रदेशाची उणीव ठरे. १९२६ मध्ये ब्रिटनमधील उत्तर पुराश्मयुगावर ग्रंथ लिहिताना गॅरड यांनी तेथील अवजारांना फ्रेंच नाव न देता ‘क्रेसवेलियन’ हे स्थानिक नाव सुचवले. १९२८ च्या ‘नोव्हा एत् व्हेतेरा’ या अध्यक्षीय भाषणात त्यांनी हा मुद्दा तत्त्व म्हणूनच मांडला : पश्चिम युरोपातील क्रम हा एका प्रदेशाचा क्रम आहे, सार्वत्रिक मापदंड नव्हे. भारतीय साहित्यांच्या इतिहासात ‘प्रबोधन’ वा ‘रोमँटिक’ कालखंड शोधू पाहणाऱ्यांना ही अडचण नवी नाही.

त्याच वर्षी पॅलेस्टाइनमधील शुक्बा गुहेत त्यांना एका अपरिचित संस्कृतीचे अवशेष सापडले. जवळच्या वादी अन्-नातुफ या खोऱ्यावरून त्यांनी तिला ‘नातुफियन’ म्हटले. पुढे कार्मेल पर्वतावरील अल्-वाद गुहेतही तीच संस्कृती मिळाली. हैफा बंदरासाठी दगड काढण्याच्या योजनेमुळे या गुहा धोक्यात आल्या होत्या. १९२९ ते १९३४ या काळात गॅरड यांनी तेथे उत्खनन केले. विळ्यांच्या गारगोटी पात्यांवरील विशिष्ट चकाकीवरून नातुफियन लोक शेती करीत असावेत, असे त्यांनी अनुमानिले. आज ती रानधान्याची कापणी मानली जाते.

मात्र स्वतःच्या तत्त्वाशी त्या नेहमीच एकनिष्ठ राहिल्या असे नाही. कार्मेलच्या जुन्या स्तरांना त्यांनी ‘लेव्हाल्वा-मूस्तेरियन’, ‘ऑरिन्याशियन’ अशी फ्रेंच नावेच दिली. ‘एमिरन’, ‘अँतेलियन’ ही पश्चिम आशियातील स्थळांवरून घेतलेली नावे त्यांच्या लेखनात १९५० च्या दशकात येतात. सवयीची परिभाषा टाकणे तिच्यातील दोष दाखविण्याइतके सोपे नसते.

नावांचा प्रश्न कामगारांपर्यंतही पोहोचतो. कार्मेलवरील कामकरी बहुतांश स्त्रियाच होत्या, जबा व इज्झिम या जवळच्या गावांतल्या. १९३२ मध्ये तबून गुहेच्या मातीतून एक दात वेचला गेला आणि त्यामागोमाग निअँडरथल स्त्रीची चिरडलेली कवटी हाती आली. तो दात ओळखणारी युस्रा. उत्खननाचा मुख्य अहवाल १९३७ साली गॅरड आणि प्राणी-अवशेषांच्या अभ्यासक डोरोथी बेट यांच्या नावे प्रसिद्ध झाला. युस्रा केंब्रिजला येऊन शिकण्याचे स्वप्न पाहत असे, अशी आठवण त्या हंगामात तेथे असलेल्या जॅकेटा हॉक्स यांनी पुढे सांगितली आहे. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याच्या कारवाईत जबा व इज्झिम ही दोन्ही गावे ओस पडली. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले तेही याच वर्षी.