चेन ताणून भागत नाही

मागच्या चाकातून येणारा आवाज गाडीवाल्याला नीट सांगता येत नाही. 'खट्ट होतं', 'कुरकुरते', 'मागून कुणी ओढल्यासारखं वाटतं' असं काहीबाही सांगत लोक गॅरेजमध्ये येतात. बहुतेक ठिकाणी उपाय मात्र आवाज ऐकायच्या आधीच ठरलेला असतो, तो म्हणजे चेन ताणणे. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर थोडे फिरवले, एक्सलचा नट आवळला, गाडी रवाना. चार दिवस आवाज दबतो. मग परत येतो, आणि येताना आणखी एखादं दुखणं घेऊन येतो.

शहापूरहून भातसानगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. तिथले मिस्तरी चेनला हात लावायच्या आधी गाडी ढकलत नेतात, एवढ्यासाठीच मी त्यांच्याकडे बसायला जातो. त्या दिवशी आलेली गाडी शंभर सीसीची होती. मालक पंचविशीतला, भातसानगरच्या पलीकडच्या पाड्यावरचा. तो रोज पहाटे आसनगावला गाडी लावून लोकल पकडतो. येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर. तेवढ्यात मागचं चाक जवळजवळ सोळा हजार फेरे घेतं.

एप्रिल-मेमध्ये हीच गाडी पाणीही वाहते. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं भातसा धरणातून जातं. नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत, तिथून उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात, तिथून पुढे शहरात. धरणाच्या अवतीभवतीचे कितीतरी पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघत असतात. टँकर आला नाही की मोटरसायकलच्या दोन बाजूंना दोन ड्रम लटकतात. पस्तीस-पस्तीस लिटरचे दोन म्हणजे सत्तर किलो, तेही हिंदकळणारे आणि एक्सलच्या मागे. चढावर पहिल्या गिअरात क्लच सोडला की तो सगळा भार ओढायचा धक्का स्प्रॉकेटच्या चार बोल्टांनी धरलेल्या जोडावर येतो.

"दादा, चेन ताणून द्या. सैल झालीय," तो म्हणाला.

"चेन सैल हाय का चाक, ते आधी बघू," मिस्तरी म्हणाले.

त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि शेडसमोरून चालत्या माणसाच्या वेगानं ढकलत नेली. यामागे हिशेब आहे. चाळीसच्या वेगाला अठरा इंची चाक सेकंदाला सहा फेरे घेतं. तेव्हा आवाज आला तरी तो एकसलग गुरगुरीसारखाच ऐकू येतो. ढकलताना एका फेऱ्याला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग कळतं की कर्र आवाज दर फेऱ्याला एकदा, एकाच जागी येतोय. चेनची कडी धरत असती तर आवाज चेनच्या फेऱ्याशी जुळला असता, चाकाच्या नाही. बेअरिंग गेलं असतं तर घरघर सतत राहिली असती. चाकाच्या एका फेऱ्याला एकदा याचा अर्थ चाकाबरोबर फिरणारी एखादी वस्तू डुलतेय आणि एका जागी येऊन चेन कव्हरला घासतेय.

हे बंद चेन कव्हर मोठी सोय आहे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, मग १९९४ मध्ये स्प्लेंडर, दोन्हींची चेन झाकलेलीच. आपल्याकडच्या धुळीत, चिखलात आणि पदर-धोतराच्या जमान्यात चेन झाकलेली असणं फार उपयोगाचं होतं, आजही आहे. पण झाकलेलं बिघडलं तरी दिसत नाही. त्यामुळे गावाकडे बरेच जण कव्हर काढूनच टाकतात. हे मला पटत नाही. पावसाळ्यात भाताच्या खाचराकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी चेन म्हणजे चिखल आणि ग्रीस यांची कणीक, आणि ती दात्यांना कानशीसारखी खाते.

गाडी डबल स्टँडवर गेली, कव्हरचे स्क्रू निघाले. मिस्तरींनी स्प्रॉकेट वरून आणि खालून धरून दोन प्रकारे हलवलं. आधी फिरण्याच्या दिशेनं, पुढे-मागे. इथे थोडा खेळ असतोच, कारण स्प्रॉकेट आणि चाकाचा ड्रम यांच्यामध्ये रबरं असतात आणि इंजिनाचा झटका ती गिळतात. मग आडवं, आत-बाहेर. इथे खेळ जवळजवळ नसावा. या गाडीचं स्प्रॉकेट आडवं लपकत होतं, डोळ्यांना दिसेल इतकं. हे दोन खेळ वेगळे न करता नुसतं 'प्ले आहे' म्हणणारा माणूस रबरं बदलून पैसे घेईल आणि दुखणं जागच्या जागी राहील.

आडवं लपकायलाही कारणं अनेक. काही गाड्यांत स्प्रॉकेटचे बोल्ट थेट ड्रममधल्या रबरी बुशांत बसतात आणि सगळं एका मोठ्या सरक्लिपनं धरलेलं असतं. ती क्लिप किंवा तिच्यामागचं वॉशर झिजलं की स्प्रॉकेट डुलतं. काहींत स्प्रॉकेट धरणारं वेगळं कपलिंग असतं, त्याचं स्वतःचं बेअरिंग असतं. ते गेलं तरी तेच. आणि तिसरं, सगळ्यात साधं म्हणजे स्प्रॉकेट कपलिंगला धरणारे नटच सैल. ही गाडी कपलिंगवाली होती. मिस्तरींनी आधी कपलिंग धरून हलवलं, ते घट्ट होतं. म्हणजे बेअरिंगचा दोष नव्हता. मग नटांभोवतीची ग्रीस फडक्यानं पुसली. दोन नटांच्या कडेला तांबूस भुकटी होती.

ही भुकटी म्हणजे नुसता गंज नव्हे. लोखंड लोखंडावर बारीक-बारीक घासलं जातं, सुटलेला चुरा गंजतो आणि नटाच्या कडेनं बाहेर येतो. ती दिसली की तिथे हालचाल आहे हे नक्की, मग नट हाताला कितीही घट्ट लागो.

नट सैल झाल्यावर नेमकं काय होतं, हे मला त्या शेडमध्येच नीट कळलं. नट आवळलेले असतात तेव्हा चेनची ओढ खरं तर बोल्टांवर पडतच नाही. स्प्रॉकेट कपलिंगच्या तोंडावर इतकं दाबलेलं असतं की ओढ त्या दोन पृष्ठांमधलं घर्षणच पेलतं. बोल्टांचं काम फक्त दाबून धरण्याचं. दाब गेला की स्प्रॉकेट केसभर सरकतं आणि ओढ बोल्टांच्या अंगावर आदळते. गिअर टाकला की एका बाजूला, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दुसऱ्या. त्या ठोक्यांनी भोकं लांबट होतात, आणि भोक लांबट झालं की ठोका आणखी मोठा बसतो. नुसता नट आवळून हे चक्र थांबत नाही.

अशात चेन ताणली तर? ताणलेली चेन स्प्रॉकेटला एका बाजूला ओढून धरते, म्हणून डुलणं कमी होतं आणि आवाज दबतो. पण मागे पाण्याचे ड्रम लटकवले, गाडी खड्ड्यात गेली, मागचे शॉकअप दबले की चाक वर येतं आणि ताण आणखी वाढतो. वीस ते तीस मिलीमीटरची ढील ठेवतात ती याच हालचालीसाठी. ती काढून घेतली की ओझं कपलिंगच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातं. पाच मिनिटांचं काम इंजिन खोलण्यापर्यंत जातं ते असं.

चाक निघालं. चारपैकी दोन नट पान्याशिवाय, बोटांनीच फिरले. नट फिरू नये म्हणून खाली पत्र्याची लॉकपट्टी असते. तिचे कान नटाच्या सपाट बाजूवर दुमडायचे असतात. इथे पट्टी जुनीच परत वापरलेली होती, एक कान मोडलेला आणि एक दुमडलेलाच नाही. सगळ्या बिघाडाचं मूळ हे एवढंसं. अख्ख्या चेन किटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात आधी वगळली जाणारी.

स्प्रॉकेटची दोन भोकं अंड्यासारखी झाली होती, एका बोल्टाचे आटे गेले होते. रबरं चपटी, पण फाटलेली नव्हती. कपलिंग आणि रबर यांच्यामध्ये कुणीतरी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले होते. हा जुगाड घरी पोचण्यापुरता ठीक आहे. पुढे मात्र तुकडे सरकतात, गोळा होतात आणि एका बाजूला दाब आणतात.

"मागचं एकच टाका, चेन राहू दे," तो म्हणाला. पगाराला अजून अवकाश होता.

मिस्तरींनी मला मेजटेप दिली. छोट्या गाड्यांच्या चेनची एक कडी १२.७ मिलीमीटरची, म्हणजे बरोबर अर्धा इंच. चेन ताठ धरून वीस कड्या मोजल्या तर २५४ मिलीमीटर भरायला हव्यात; २५९ भरल्या की चेन दोन टक्के वाढली, तिचं आयुष्य संपलं. ही २५९च्याही थोडी पुढे होती. वाढलेली चेन नव्या दात्यांवर नीट बसत नाही, ती त्यांना आपल्या मापाचं करून घेते. नवं स्प्रॉकेट जुन्या चेनला देणं म्हणजे तेही लवकर घालवणं. शेवटी पूर्ण किट, नवे बोल्ट, रबरं आणि लॉकपट्टी असं ठरलं, निम्मे पैसे पुढच्या महिन्यात.

बसवताना बराच वेळ पुसण्यातच गेला. कपलिंगचं तोंड गंज, रंग आणि ग्रीस काढून कोरडं करायचं, कारण पकड तिथेच मिळते. नट एकामागून एक नव्हे, तर समोरासमोरचे, थोडे-थोडे करून आवळायचे. आठ मिलीमीटरच्या बोल्टाला पंचवीस-तीस न्यूटन-मीटर पुष्कळ झाले: वीतभराहून लहान पान्यावर एका हाताचा कडक जोर. पान्यावर पाय देऊन उभे राहणारे मिस्तरी मी पाहिले आहेत. त्यांचा बोल्ट तिथे तुटत नाही, ताणला जातो आणि पुढे घाटात तुटतो. मग छिन्नीनं कान सपाट बाजूवर दुमडले. रबरं साबणाच्या पाण्यानं सरकवली, तेलानं रबर फुगतं. चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला. चाक सरळ आहे का हे बघायला चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुणांवर विसंबायचं नाही, मागे बसून चेनच्या रेषेत एक डोळा मिटून बघायचं. शेवटी चाक फिरवून चेन सगळ्यात घट्ट होते ती जागा शोधायची आणि ढील तिथे मोजायची.

प्रत्येक नटापासून स्प्रॉकेटवर जाणारी एक बारीक रेघ मिस्तरींनी पिवळ्या रंगानं ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे होतात. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर कव्हर उघडून रेघा जुळतात का ते बघायचं, असं त्यांनी बजावलं. कव्हर उघडायला घरी स्क्रूड्रायव्हर नाही, तो म्हणाला. मिस्तरींनी खोक्यातला एक जुना काढून दिला, परत आणून द्यायच्या बोलीवर. तेवढ्या निमित्तानं गाडी पुन्हा दारात येईल, हा हिशेब त्यात असणारच.