डागांचा हिशेब

गोदावरीचा पूर किती चढला, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात. पूर ओसरला की घाटाच्या दगडावर गाळाची रेघ उरते. ती रेघ म्हणजे नोंदच.

संगणकावर अंतराळयाने घडवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो: पृष्ठभाग कोरा ठेवावा की मळवावा? चित्रपटांत दोन्ही घराणी आहेत. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधली (१९६८) याने लख्ख, तर ‘स्टार वॉर्स’मधली (१९७७) कळकट.

खरे यान काय सांगते? ‘सर्व्हेयर-३’ एप्रिल १९६७मध्ये चंद्रावर उतरले. नोव्हेंबर १९६९मध्ये ‘अपोलो-१२’चे अंतराळवीर त्याच्याजवळ गेले, तेव्हा त्याचा पांढरा रंग तपकिरी पडला होता. कारणे दोन: प्रखर सूर्यकिरण आणि चंद्रावरची धूळ. अपोलोच्या उतरण्याने उडालेल्या धुळीचाही त्यावर मारा झाला होता.

चंद्रावर गंजायला हवा-पाणी नाही. त्यामुळे तिथल्या यानावर गंजाचे ओघळ रंगवणे खोटे. वातावरणातून तापत परतलेली कुपी कोरी करकरीत दाखवणेही तितकेच खोटे. असे यान ज्याने प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्याच्या मनात हेच चित्र खरे म्हणून बसते.

म्हणून डाग रंगवण्याआधी विचारावे, हा कशाने पडला? उत्तर नसेल, तर जागा कोरी सोडावी. पुराशिवाय घाटावर रेघ उमटत नाही.