जखमही साक्ष देते

जासईचे नाव घेतले की उरण-पनवेलच्या माणसाला १९८४ सालचा जानेवारी आठवतो. जमिनी गेल्या, भाव मिळेना, म्हणून दि. बा. पाटलांच्या मागे आगरी, कोळी, कराडी अशा सगळ्यांच्या बाया-बापड्या रस्त्यावर आल्या. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याकडे पोलिसांची गोळी चालली. दोन दिवसांत पाच माणसे गेली. दरवर्षी हुतात्म्यांना वंदन होते, भाषणे होतात. पण गोळी लागून पडलेल्या माणसाचे पुढे काय होते, त्याच्या देहावरून डॉक्टर काय वाचतात आणि त्यातून खरे-खोटे कसे ठरते, हे कोणी फारसे सांगत नाही. आपल्या वस्त्यांना त्याची गरज जास्त आहे, म्हणून आम्ही ते येथे मांडत आहोत.

गोळी आत शिरते तिथली जखम बहुधा लहान, गोल आणि कडा आत वळलेली असते. भोवती कातडी खरचटल्याचे बारीक कडे उमटते. गोळी बाहेर पडते तिथली जखम बहुतेक वेळा मोठी, फाटलेली, कडा बाहेर आलेली. एवढ्यावरून गोळी समोरून लागली की पाठीमागून, हे डॉक्टर सांगू शकतात. "जमाव अंगावर चालून आला" असे कागदावर असेल आणि आत शिरल्याची जखम पाठीवर असेल, तर त्या कागदाला उत्तर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट अंतराची. बंदुकीतून गोळीबरोबर धूर, काजळी आणि दारूचे न जळलेले कण बाहेर पडतात. नळी अंगाला टेकवून झाडली तर काजळी आणि वायू जखमेच्या आतच घुसतात. डोक्यासारख्या हाडावरच्या जागी कातडी चांदणीसारखी फाटते. पिस्तूल थोडे लांब असले, म्हणजे साधारण दोन-तीन फुटांच्या आत, तर ते कण कातडीत टोचून गोंदल्यासारखे ठिपके उमटतात. पाण्याने धुतले तरी ते जात नाहीत, काजळी मात्र पुसली जाते. त्यापलीकडून आलेल्या गोळीचे असे काही उरत नाही. मग पंचवीस हातांवरून आली की पन्नास, हे जखम सांगत नाही.

आत्महत्या, अपघात की खून, हा निवाडा या खुणांच्या आधारे होतो. स्वतःवर गोळी झाडणारा माणूस बहुधा नळी अंगाला टेकवतो आणि हात पोचेल अशीच जागा निवडतो. पाठीत किंवा लांबून लागलेली गोळी स्वतःची म्हणणे अवघड. पण नुसत्या जखमेवर निकाल देऊ नये, असे जाणते डॉक्टरच सांगतात. माणूस वाकला होता का, पळत होता का, हे साक्षीदार आणि जागेचा पंचनामा सांगतो. शरीरात अडकलेली गोळी तर मोठा पुरावा. नळीच्या आतील खाचांच्या रेघा तिच्यावर उमटतात, त्यावरून ती कोणत्या बंदुकीची हे सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहता येते. हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. मुंबईत ती कलिन्याला आहे.

आता आपल्या काळजाला लागलेला विषय. ११ जुलै १९९७, घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक जमले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. सरकारी बाजूचे म्हणणे असे की, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, स्फोट टाळण्यासाठी गोळी चालवावी लागली. गोळीबार करायचाच झाला तर नेम खाली धरावा, हा पोलिसांचाच दंडक. प्रत्यक्षात बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने टँकरची गोष्ट मानली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये गोळीबाराचा हुकूम देणारे अधिकारी मनोहर कदम यांना मुंबईच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. दहा घरांना बारा वर्षांनी निकाल मिळाला आणि तोही हातात टिकला नाही. आम्हांला त्याचा राग आहे, तो लपवण्याचे कारण नाही. तरीही टँकरची कहाणी अहवालात टिकू शकली नाही, हे साक्षीदारांचे आणि त्या देहांवरच्या नोंदींचे काम.

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकींत १३५ माणसे मारली गेली. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी नियम घालून दिले. अशा मृत्यूचे शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचे, त्याचे चित्रीकरण करून ते जपून ठेवायचे, पोलिसांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी द्यायची. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, असे पोलीस म्हणाले. गोळी डोक्यातच कशी, पायावर का नाही, असे उच्च न्यायालयाने विचारले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याचे नोंदले गेले. चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या त्या आरोपाबद्दल आमच्या मनात तिळभर मऊपणा नाही. पण फाशी द्यायची तर ती न्यायालयाने द्यावी, व्हॅनमध्ये नव्हे.

गोळी नसली तरी रीत तीच. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीच्या छातीत दुखले, असे सांगण्यात आले. छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आणि त्यांच्या धक्क्याने मृत्यू, असे निघाले. त्याच्या आईने तो कागद धरून ठेवला, म्हणूनच न्यायालयाचे दार उघडले.

आपल्याकडे माया आडवी येते. माणूस गेला की रडारड, मग आंघोळ, नवे कपडे, लवकर अंत्यसंस्कार. रक्ताचा शर्ट कोणी धुऊन टाकतो, कोणी पुरतो. त्या शर्टावर भोक आहे, काजळी आहे, आणि कातडीवर जे उमटले नाही ते कधी कापडावर असते. तो धुऊ नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. वाळवून कागदात गुंडाळून पंचांसमोर सुपूर्द करावा. मयताच्या हातांनाही पाणी लावू देऊ नये, कारण दारूचे कण हातावर फार वेळ राहत नाहीत.

मरणोत्तर पंचनाम्याला शेजारचे दोन किंवा अधिक रहिवासी बोलावण्याची कायद्यात तरतूद आहे, जुन्या कलम १७४ मध्ये होती, नव्या संहितेच्या कलम १९४ मध्येही आहे. आपली माणसे गांगरून, न वाचताच अंगठा किंवा सही देतात. नोंद पटत असेल त्यांनीच सही करायची, हेही त्याच कलमात आहे. मंडळातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने पुढे बसावे, प्रत्येक जखमेची जागा, आकार, समोर की पाठीवर, हे लिहिले गेले का पाहावे, आणि राहिले असेल तर लिहायला सांगावे. शवविच्छेदनापूर्वी एक्स-रे काढला का, हेही विचारावे, कारण आत राहिलेली गोळी त्यातच दिसते. अहवालाची प्रत जवळच्या वारसाने लेखी अर्ज देऊन मागावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.