मऊ ट्रान्झिस्टर आणि आजन्म दायित्व

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या एका तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक्सचा सारा डोलारा कठीण, कोरड्या आणि ठिसूळ स्फटिकांवर उभा आहे. मानवी शरीराची घडण याच्या अगदी उलट आहे. ते मऊ आहे, ओले आहे, आणि त्यातील विद्युत्संदेश इलेक्ट्रॉनांवर नव्हे तर सोडियम, पोटॅशियम यांसारख्या आयनांच्या हालचालीवर चालतात. रेडिओ आणि संगणक शरीराबाहेर होते तोवर या विसंगतीने काही अडले नाही. यंत्र मेंदूत व हृदयात नेण्याची वेळ आली, तेव्हा मात्र ती अडचण ठरली. मेंदूच्या पेशीजालापेक्षा सिलिकॉन कोट्यवधी पटींनी ताठर असते. अशी ताठर सुई मेंदूत रुतली की भोवती व्रणऊती जमते आणि काही काळाने संदेश क्षीण होत जातात.

या अडचणीवरचा तोडगा प्लॅस्टिकच्या कुळातून आला. हीगर, मॅकडिअर्मिड आणि शिराकावा यांनी १९७७ मध्ये बहुवारिकांतूनही वीज वाहू शकते हे दाखविले आणि त्याबद्दल २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान, १९८४ मध्ये मार्क राइटन यांच्या गटाने अशा बहुवारिकापासून विद्युत्-रासायनिक ट्रान्झिस्टर तयार केला. त्याचे तत्त्व सुबोध आहे. दोन अग्रांमध्ये वाहक बहुवारिकाचा पातळ थर असतो आणि त्यावर आयन असलेला द्रव किंवा जेल. तिसऱ्या अग्राला किंचित विद्युद्दाब दिला की आयन त्या थराच्या पृष्ठभागावर न थांबता स्पंजात पाणी मुरावे तसे आत शिरतात आणि त्यातून वाहणारा प्रवाह बदलतो. थराचे संपूर्ण आकारमान कामाला लागत असल्यामुळे एक व्होल्टहून कमी दाबातही क्षीण संदेश मोठा होतो. आयनांची भाषा इलेक्ट्रॉनांच्या भाषेत आणणारा हा दुभाषाच होय.

जेलचे महत्त्व येथे कळते. त्यात पाणी धरून राहते, आयन मोकळेपणी फिरतात, पण ते द्रवासारखे ओघळत नाही आणि त्वचेशी वा ऊतीशी सलगी ठेवते. २०१३ मध्ये फ्रान्समधील जॉर्ज मॅलिआरस यांच्या गटाने अशा सेंद्रिय ट्रान्झिस्टरने उंदरांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील संदेश टिपले. २०२३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी जेल टोचून, शरीरातीलच रसायनांच्या साह्याने झेब्रा माशाच्या मेंदूत मऊ विद्युदग्र घडवून आणले. २०२४ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी स्वतःच जेल असलेला अर्धवाहक सादर केला. या शाखेत सर्वाधिक वापरले जाणारे वाहक बहुवारिक एके काळी छायाचित्रांच्या फिल्मवर स्थितिक वीज साचू नये म्हणून लावीत असत. ज्ञानाचा उपयोग आधीच ठरविता येत नाही, हे मूलभूत संशोधनावरील खर्चाला नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

विक्रीनंतरचा प्रश्न

तथापि, या संशोधनाच्या कौतुकात एक आर्थिक प्रश्न झाकला जाऊ नये. घड्याळ किंवा पंखा विकत घेणारा ग्राहक उद्या दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. शरीरात यंत्र बसवून घेणाऱ्याला ती मुभा नसते. खरेदीच्या क्षणी तो बाजारातून बाहेर पडतो आणि एकाच उत्पादकाशी जन्मभर बांधला जातो. यंत्र जितके मऊ, जितके ऊतीशी एकजीव, तितके ते काढणे कठीण होण्याचा संभव अधिक. जेलचा जो गुण वैद्याला भावतो, तोच रुग्णाचे परावलंबित्व वाढवू शकतो.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील एका कंपनीचे दृष्टिपटलावर बसविण्याचे यंत्र तेथे २०१३ मध्ये मान्यता पावले. किंमत सुमारे दीड लाख डॉलर होती. २०१९ साली कंपनीने हे उत्पादन थांबविले आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले. जगभरातील साडेतीनशेच्या आसपास अंध व्यक्तींच्या डोळ्यांत मात्र यंत्र तसेच राहिले. ते बिघडले तर दाद कोणाकडे मागावी, हे त्यांना कळेना. कंपनीचे भागधारक समभाग विकून मोकळे होऊ शकत होते. रुग्णांना तो मार्ग नव्हता.

भारतात किंमत-नियंत्रणाचा अनुभव आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविण्यात आली. तो निर्णय रुग्णांच्या हिताचा होता; परंतु कमाल किंमत खरेदीच्या दिवसापुरती असते आणि देखभालीची हमी तिच्यात येत नाही. सार्वजनिक संस्था काय करू शकतात, याचेही उदाहरण देशात आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली हृदयाची झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसविण्यात आली.

म्हणून मऊ ट्रान्झिस्टर रुग्णालयांत पोहोचण्यापूर्वीच तीन अटी कायद्यात याव्यात. प्रत्येक यंत्राच्या किमतीचा ठरावीक हिस्सा देखभालीच्या स्वतंत्र निधीत जमा व्हावा आणि कंपनी बुडाली तरी त्याला हात लागू नये. यंत्राचे आराखडे व त्यातील आज्ञावली सरकारी संस्थेकडे मोहोरबंद ठेव म्हणून असावी. उत्पादकाने अंग काढून घेताच ती दुरुस्ती करणाऱ्यांना खुली व्हावी. सरकारी पैशातून झालेले संशोधन उद्योगाकडे सोपविताना हीच अट करारात असावी.

या अटींनी यंत्र महाग होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो काही अंशी खरा आहे. परंतु तो खर्च आजही अस्तित्वात आहेच. फक्त तो किमतीत दिसत नाही आणि शेवटी रुग्णाच्या माथी येतो. लपलेला खर्च हिशेबाच्या वहीत आणणे हे अर्थशास्त्राचे पहिले काम होय. शरीराशी एकजीव होणाऱ्या यंत्राची जबाबदारीही त्या शरीराच्या आयुष्याइतकीच टिकली पाहिजे.